निळ्या चौकड्यांचं फडकं

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण होणाऱ्या सुनेच्या आईचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसण्याचा मूर्खपणा अख्ख्या बारामती तालुक्यात माझ्याखेरीज कुणी केला नसावा. तोही पहिल्याच भेटीत, उंबऱ्यावर, बाईच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी. बाई इंदापूरहून सकाळच्या एसटीनं लग्नाची तारीख ठरवायला आली होती. मुलगी तिची, मुलगा माझा. दोन्ही घरं ख्रिस्तीच, पण ती माणसं कॅथलिक आणि आम्ही प्रॉटेस्टंट. त्यांच्या देवळात मारिया मातेची मूर्ती, मेणबत्त्या, मण्यांची जपमाळ. आमच्या देवळात चार भिंती, एक पेटी, एक तबला आणि पाळकसाहेबांचा लांबलचक उपदेश. त्या दिवशी त्यांचा राखेचा बुधवार होता. चाळीस दिवसांच्या उपवासाला सुरुवात करताना त्यांचे फादर अंगठ्यानं प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. आमच्यातही हा उपवासकाळ पाळतात, पण राख नाही. तर तो क्रूस कपाळावर घेऊन बाई दारात उभी, आणि मी म्हणाले, "अगंबाई, गाडीतली काजळी लागली वाटतं!" स्वयंपाकघरातलं निळ्या चौकड्यांचं फडकं ओलं करून आणलं आणि ओट्यावरचं दूध पुसावं तसं कपाळ लख्ख करून टाकलं.

माझ्या हातातून तिनं फडकं काढून घेतलं. पिळलं नाही, मला नळाखाली धरू दिलं नाही. राख आतल्या बाजूला राहील अशी चौपदरी घडी घातली आणि पिशवीत टाकली. मग घरभर नजर फिरवून म्हणाली, "इहीणबाई, घर लई नेटकं ठिवता हो. काय म्हंजी काय ऱ्हाऊ देत न्हाई जाग्यावर."

मूर्खपणा एकटा कधी येत नाही. त्या दिवशी मी तिच्यासाठी मटण केलं होतं. राखेच्या बुधवारी ती माणसं मटणाला शिवत नाहीत, एकदाच जेवतात, हे मला शेजारणीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर मी ठासून म्हणाले होते की व्याह्यांना मटण घालणं ही आमची रीत आहे, त्यांच्या रितीशी मला काय करायचंय? बाईनं रश्श्याचा वास घेतला, एक भाकरी आणि ठेचा मागून घेतला आणि पातेल्यावर स्वतःच्या हातानं झाकण ठेवलं. "ह्ये माझ्या वाटचं ऱ्हाऊ द्या. इस्टरला येते खायला." जेवून दुपारच्या गाडीनं निघूनही गेली. आमचे हे ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. "तारीख राहिली," म्हणाले. "तारीख कसली, लग्नच राहिलं. आता पुसत बस काय पुसायचं ते."

आता माझ्या विहिणीबद्दल एक गोष्ट छातीठोक सांगते: तिच्याइतकी हट्टी बाई भिगवणपासून वडगाव निंबाळकरपर्यंत शोधून सापडायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती पुन्हा हजर. कपाळावर राखेचा क्रूस, काळाकुळकुळीत, कालच्यापेक्षा मोठा. इंदापुरात उतरल्या उतरल्या ती संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेली होती, फादरांकडून पुन्हा राख लावून घेतली होती आणि तोंड न धुता पहिल्या गाडीनं परत आली होती. "उशीला पुसू नये म्हून रातभर उताणी झोपले," तिनं अभिमानानं सांगितलं. ओसरीवर मांडी घालून बसली. "काल बोलणं अर्धंच ऱ्हायलं. आता बोला. आन फडकं मागायचं न्हाय. त्ये माझ्यापाशी हाय."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते, पण अक्कल अठराच्या पुढं गेलेली नव्हती. माझे वडील उपदेशक. त्यामुळं देवाला फक्त आमच्याच घरातलं मराठी कळतं अशी माझी लहानपणापासूनची समजूत. शिवाय मी मुलाची आई. मान वर करून मी अट घातली, की मुलगी आमच्यात आल्यावर माळबिळ, मूर्तीबिर्ती, मेणबत्त्या सगळं बंद. आमच्याकडच्या मुलीच्या आया अशा वेळी पदर सावरून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. ही नाही म्हणाली. ही म्हणाली, "सैपाक तुमच्या पद्धतीनं करंल, साडी तुमच्या पद्धतीनं नेसंल, तुमचं पायबी चेपंल. देवाशी बोलंल ती तिच्या पद्धतीनं. तुमी डोळं मिटून मागता, आमी मणी धरून मागतो. देणारा हाताकडं बगून देतो व्हय?"

"मग हे लग्न जमायचं नाही," मी म्हणाले. माजघरात माझा मुलगा उभा होता, त्याचा चेहरा अजून आठवतो. दोन वर्षं थांबलेली ती पोरं. माझ्या एका वाक्यात त्यांचं सगळं मोडत होतं आणि मी मात्र बायबलच्या बाजूनं लढतेय अशा ऐटीत पंख्याकडं बघत होते.

"जमंल न जमंल, आधी एक काम करू," बाई म्हणाली. "एक आयतवार मी तुमच्या देवळात यीन. एक आयतवार तुमी माझ्या. हासायचं न्हाय, नाक मुरडायचं न्हाय, मधीच उठायचं न्हाय. मंग मोडायचं आसंल तर खुशाल मोडा. पर न बगता मोडलं तर मी तुमच्या दारातनं उठायची न्हाय. राख लावून बसंन रोज." आणि तिनं खरंच तसं केलं असतं. हे घाबरून मला म्हणाले, "कबूल कर बाई. चाळीस दिवस हिला जेवायला काय घालायचं?"

पुढच्या रविवारी ती आमच्या देवळात आली आणि पहिल्या बाकावर बसली. आमची माणसं शेवटच्या बाकापासून भरत येतात. आमच्या गीतांच्या चाली तिला ठाऊक नव्हत्या, म्हणून तिनं सगळी गीतं स्वतःच्या चालीत आणि आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हटली. तबलेवाला तिच्या मागून धावत होता. पाळकसाहेबांनी त्या दिवशी ऊस, पाऊस, आजारी, परीक्षार्थी आणि राज्यकर्ते या सगळ्यांसाठी प्रार्थना केली. अर्ध्या तासात मंडळीच्या पंचांनीसुद्धा एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. मी तर दोन्ही उघडून तिच्याकडं पाहत होते. ती डोळे घट्ट मिटून उभी होती, पापणी हलली नाही. प्रभुभोजनाची भाकर फिरली तेव्हा मात्र तिनं हात जोडले आणि घेतली नाही. मी लगेच टोचलं, "आमची चालत नाही वाटतं?" तर म्हणाली, "चालायचं न चालायचं माझ्या हातात न्हाय. आमच्या देवळानं आखल्याली रेघ हाय, मी पाळते. भिंत हाय तर हाय, इहीणबाई. भिंतीला टेकून बसता येतंय की."

त्याच्या पुढच्या रविवारी माझी पाळी. इंदापूरच्या त्यांच्या देवळात मी मान ताठ करून गेले, आणि ती ताठ मान हेच माझ्या फजितीचं कारण झालं. त्यांच्यात केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, केव्हा गुडघे टेकायचे याची सगळी शिस्त ठरलेली. मला काहीच ठाऊक नाही आणि विचारणं म्हणजे कमीपणा. सगळे गुडघ्यावर गेले तेव्हा मी एकटी ध्वजाच्या काठीसारखी उभी. घाईनं गुडघे टेकले तर तोवर सगळे उठून उभे. विहीण मान न वळवता माझा पदर ओढत होती: "बसा. उठा. गुडघं. आता उठा. तुमी बसल्या का? उठा!" मला वाटलं, माणसं हसत असतील. पाहिलं तर कुणाचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं. मागच्या बाकावरची एक म्हातारी मात्र जपमाळ हातात धरून हुंदके देत होती. तिचा मुलगा गेल्याला महिना झाला होता, हे मला नंतर कळलं. बोटं एकेक मणी पुढं सरकवत होती, जशी अंधारात भिंत चाचपत माणूस दारापर्यंत जातो. आमच्या घरी माझी सासू त्याच वर्षी गेली होती. मी डोळे मिटून प्रार्थनेला बसले की शब्द सापडत नसत, आणि धरायला हातात काही नसे. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. गाडीत बसताना विहिणीला एवढंच म्हणाले, "माळ राहू द्या पोरीकडं." ती म्हणाली, "व्हय. ती ऱ्हाणारच हुती."

इस्टरच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पाट ओढून बसली आणि विचारलं, "माझ्या वाटचं मटण कुठं हाय?"

लग्न झालं. आमच्या देवळात झालं, त्यांच्या फादरांनी येऊन आशीर्वाद दिला, आणि आमच्या पाळकसाहेबांचा झगा आणि फादरांचा झगा शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की दोन्हींची शिलाई एकाच हातची आहे. कारण माझी विहीण शिंपीण. इंदापुरात बाजाराच्या कडेला तिचं दुकान, पायानं चालवायचं मशीन आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली मापांची वही. आसपासच्या यच्चयावत ख्रिस्ती पंथांचे कपडे तिच्याकडं. कॅथलिक पोरींचे पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे पांढरे फ्रॉक, आमच्या पाळकांचे झगे, दागिना न घालणाऱ्या विश्वासी पंथाच्या बायकांची बिनलेसची पोलकी. कुणी दुसऱ्या पंथाला नावं ठेवायला लागलं की ती टेप गळ्यात टाकून उभी राहायची. "हात वर करा," म्हणायची. "आता बोलू नका, माप चुकतंय." आमच्या पाळकांना तिनं एकदा तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या आन आमच्या फादरच्या पोटाचं माप बरूबर एकच हाय बगा. म्हंजी देव दोघांवर सारखाच खूश हाय. मग भांडता कशाला?" पाळकसाहेबांनी त्यानंतरचा झगा बारामतीत शिवायला टाकला. सहा महिन्यांत बगलेत उसवला. गुपचूप तिच्याकडं परत आला.

तिच्या दुकानात देवाचं भांडण करायला बंदी होती, पण ती स्वतः देवाच्या कारणावरून कुणाशीही भांडायला तयार असे. भिगवणला माझी धाकटी जाऊ राहते. ती त्याच विश्वासींच्या, पांढऱ्या साडीवाल्यांच्या मंडळीत गेली आणि धरणाच्या पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आमच्या घरात आकांत. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून एकदा झालेला बाप्तिस्मा तिनं फुकट घालवला म्हणून आम्ही कुणीच जायचं नाही असं ठरलं. ठरवणारी अर्थात मीच. माळेनं शहाणी झालेली मी पाण्यापाशी पुन्हा होती तशीच झाले होते. विहीण मात्र गेली. जाऊबाईची ना ती नात्याची ना गोत्याची. कोरडी साडी आणि टॉवेल घेऊन, गुडघाभर पाण्यात, मासे पकडणाऱ्यांच्या होड्यांच्या शेजारी उभी राहिली. परत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बारामतीला आली आणि माझ्या दारात ओले पाय पुसत म्हणाली, "कापडाला रंग द्यायचा तर कुणी शिपडतंय, कुणी बुडवतंय. मी चाळीस वर्सं कापडं बगतीया. रंग धरला का न्हाय येवढंच बगायचं. तुमच्या जाऊबाईचा धरलाय. जावा, भेटून या. लई रडली तुमच्या नावानं." मी म्हणाले, "तुम्ही पण बुडणार का आता?" तर म्हणाली, "मी कशाला? माझा शिपडल्याला पक्का हाय. धुऊन बगा." हेच तिचं वेगळेपण. ती सगळ्यांच्या दारात जायची आणि प्रत्येक ठिकाणाहून स्वतःची जपमाळ घेऊन परत यायची. कुणाची होऊन जायची नाही आणि कुणाला आपल्यात ओढायचीही नाही.

नातू झाला तेव्हा ती गोधडी घेऊन आली. दोन्ही घरच्या कापडांची. माझ्या सासूबाईंच्या नऊवारीचा काठ, तिच्या नवऱ्याचा खाकी सदरा, फादरांच्या जुन्या झग्याचा पांढरा तुकडा, आमच्या पाळकांच्या झग्याचा काळा. आणि एका कोपऱ्यात निळ्या चौकड्यांचं फडकं. मधोमध करडा डाग, न धुतलेला. मी ओशाळून म्हणाले, "विहीणबाई, हे कशाला?" बाळंतविडा घेऊन आलेल्या सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "आज्जीचा पराक्रम कळाया नगं पोराला?" तेव्हापासून ती कहाणी इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात पोचली. मी सगळ्यांना एकच उत्तर देत आले: "मला काजळी वाटली हो."

या वर्षी नाताळनंतर तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, मशीनवर चादर पडली. राखेचा बुधवार जवळ आला तसा सुनेचा माहेराहून फोन आला. आई जेवत नाही, म्हणाली. फादर एकटे आहेत, त्यांना त्या दिवशी चार गावांत मिस्सा आहेत, घरी यायला गुरुवार उजाडेल. आणि आई म्हणते, जन्मात एक बुधवार चुकला नाही, आता गुरुवारची राख कशाला लावू, मग सरळ मातीच द्या.

मी पिशवी भरली. आमच्या स्त्रीमंडळात कुजबुज झाली की आजी राख आणायला निघाल्या, आजी कॅथलिक झाल्या. मी मागं वळून सांगितलं, "आजी झाले तेवढं पुरे झालं, आता दुसरं काही व्हायची ताकद नाही. ज्यांना अडवायचंय त्यांनी पहाटेच्या गाडीपुढं झोपावं." कुणी झोपलं नाही.

इंदापुरात उतरून आधी तिच्या दुकानातून बटणांची पत्र्याची डबी घेतली, पदरानं स्वच्छ पुसली. पुसण्यात माझा हात जुना आहे. मग देवळात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. आता मला उठबस ठाऊक आहे. सगळी माणसं राख घेऊन गेल्यावर फादरांपुढं डबी धरली. तरुण फादर, मला प्रथमच भेटत होते. तरी माझ्याकडं निरखून म्हणाले, "बारामतीच्या ना तुम्ही? काजळी वाटलेल्या?"

आमच्यात माणसापुढं पाप कबूल करायची रीत नाही. ती त्यांची रीत. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "फादर, काजळी नव्हती वाटली. मला ठाऊक होतं ती राख आहे. ठाऊक होतं म्हणूनच पुसली." इतक्या वर्षांत हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

फादरांनी डबी हातात घेतली. "हे कबुलीत धरू का, आजी?"

"धरू नका. मी तुमच्यातली नाही. नुसतं ऐका."

त्यांनी डबीत राख घातली, लावताना म्हणायचे शब्द सांगितले आणि विचारलं, तुम्हाला लावू का. मी नको म्हणाले. तिनंही आमच्या देवळात भाकरीला हात जोडलेच होते.

ती खाटेवर पडून होती, नातवाची गोधडी अंगावर. मला पाहून उजवा हात हलवला. मी डबीत बोट बुडवलं, नेम चुकू नये म्हणून सुनेनं मनगट धरलं. मी क्रूस काढला. वाकडा आला. मग ते शब्द, की माणूस मातीचा आहे आणि त्याला मातीतच जायचं आहे. निम्मेच म्हणाले. उपदेशकाची मुलगी, आयुष्यभर बोलत आलेली, दोन शब्दांवर अडकले.

"म्हना की फुडचं," ती जड जिभेनं म्हणाली. "मला ठावं हाय कुठं जायचंय त्ये."

म्हटलं पुढचं. मग मात्र डोळ्यांना धार लागली, आणि पदर कुठं गेला ते दिसेना. तिनं उजव्या हातानं चाचपत चाचपत गोधडीचा तो निळ्या चौकड्यांचा कोपरा शोधला आणि माझ्याकडं सरकवला.

"घ्या तुमचं फडकं, इहीणबाई. काजळी नव्हती, त्ये मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. आता कपाळ सोडून काय पुसायचं त्ये पुसा."